नाव ठेवायचा दिवस

गॅसवाला खरा.

डॉक्टर, स्वभाव बरा.

फाटकाची कडी वाजते, हाक येते. फोन वाजत नाही.

येतो म्हणून न येणारा प्लंबर.

मसूर गावातल्या एका घरात पाळणा बांधला आणि मग सोडून ठेवला.

माळीकाकू बोलत राहतात.

तिळाचं तेल, कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं.

‘परवानगी द्या’ असं लिहिलेलं हिरवं बटण, त्यावर दुकानदाराचा अंगठा.

शालन चार पोरांची.

यातली काही माणसं आहेत, काही वस्तू आहेत, एक रिकामी जागा आहे. माझ्या मुलीच्या बारशाआधीच्या दोन-तीन दिवसांत ही सगळी एकाच दोरीला बांधली गेली. दोरी म्हणजे एक फोन नंबर. मी तेव्हा डोक्याला रुमाल बांधून खाटेवर बसलेली बाळंतीण होते आणि मला वाटत होतं, आता जगात काही घडायचं असेल तर ते माझ्यापासून लांब कुठेतरी घडेल.

शालन हाक मारते

“बाळंतीण जागी हाय का?”

फाटकातून ही हाक आली की आमच्या गल्लीची सकाळ सुरू व्हायची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी नाशिकहून कराडला आईकडे आले होते. मालीश करायला, बाळाला न्हाऊ घालायला आईनं शालनमावशींना सांगितलं होतं. आमच्या भागातली निम्मी पोरं त्यांच्याच पायांवर न्हायलेली. त्यांचा नवरा साखर कारखान्यावर वॉचमन होता. घरी दोघंच.

मी एकदा म्हटलं, “मावशी, सगळ्या गल्लीला कशाला उठवताय? बाहेरून मिस्ड कॉल द्या, मी दार उघडते.”

“फोन नगं,” त्या म्हणाल्या. “घसा हाय की.”

फोन होता त्यांच्याकडे. साधा, बटणांचा, रुमालात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवलेला. मला वाटलं, बॅलन्स वाचवत असतील. मी पुन्हा विषय काढला नाही.

मोरीत पाटावर बसून त्या दोन्ही पाय लांब करायच्या आणि बाळाला पालथं पायांवर घ्यायच्या. पाणी अंगावर पडेपर्यंत ते रडायचं, मग एकदम गप्प. न्हाऊन झालं की टाळू भरायच्या, ओव्याची धुरी द्यायच्या, आणि कापडात असं घट्ट बांधून माझ्या हातात द्यायच्या की मला वाटायचं, पार्सल आलं आपलं.

नाव अजून ठेवलं नव्हतं. आई तिला छकुली म्हणायची, माझा नवरा विक्रांत फोनवरून राणीसरकार म्हणायचा. शालनमावशी पाव्हणी म्हणायच्या.

“पाव्हणी का हो?”

“बारसं हुईस्तवर पाव्हणीच. नाव लागलं की मग घरची.”

त्यांना मूल आहे की नाही, मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ते बाळ त्यांच्या पायांवर पडलेलं असताना तसला प्रश्न सुचतच नसे.

सासूबाई नाशिक

बारशाच्या दोन दिवस आधी सासूबाई आल्या. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. बाळंतविडा आणला होता, डिंकाचे लाडू आणले होते, नातीसाठी स्वतः विणलेली टोपी आणली होती. प्रवासातून आल्या आल्या हातपाय धुऊन तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी तिच्या मुठीत आपलं बोट सारलं. त्या मुठीनं ते बोट सोडलं नाही तेव्हा म्हणाल्या, “पकड अगदी विक्रांतची आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. फोन आला.

फोन माझाच, पण चार्जिंगला लावलेला, सासूबाईंच्या हाताशी. माझा नंबर आईनं मावशींना देऊन ठेवला होता, त्यांचा माझ्याकडे नव्हता, कधी गरजच पडली नव्हती. अनोळखी नंबर कुणाचा ते सांगणारं एक अॅप माझ्या फोनमध्ये होतं, सगळ्यांच्या असतं तसं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत नाव आलं.

शालन बिनपोराची.

सासूबाईंनी ते वाचलं. चष्मा वर सारून पुन्हा वाचलं. मग फोन माझ्या हातात दिला, पालथा.

पलीकडून मावशी बोलत होत्या. पायरीवरून उतरताना घोटा मुरगळला होता. आज काही जमत नाही, उद्या लंगडत का होईना येते, पाव्हणीला आज नुसतं पुसून घ्या. एवढं सांगून त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला. जास्त वेळ धरला तर काहीतरी सांडेल अशी ती घाई होती.

“कोण होतं?” सासूबाईंनी विचारलं.

“मालीशवाल्या मावशी.”

“बाळाला न्हाऊ घालतात त्या?”

“हो.”

“त्यांना मूल नाही?”

“मला माहीत नाही, आई.”

“लिहिलंय की,” त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी माझ्या आईला स्वयंपाकघरात गाठलं. मी बाहेरच्या खोलीत होते, पण घर लहान. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्या म्हणाल्या की त्या अडाणी नाहीत, असल्या गोष्टी त्यांनी कधी मानल्या नाहीत, दुसऱ्या कुणाच्या घरचं असतं तर त्या स्वतः चार शब्द सुनावून आल्या असत्या. पण लग्नानंतर इतकी वर्षं थांबून त्यांना विक्रांत झाला होता, आणि ती वर्षं कशी गेली ते त्यांनाच ठाऊक.

“शिकलं म्हणून भीती जात नाही हो, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “पाळण्याजवळ तेवढ्या त्या नकोत. आणि न्हाऊ घालायला दुसरं कुणी मिळालं तर बघा.”

आई मुलीची आई होती. विहीण दारात आलेली, उद्या बारसं. तिनं डब्यावरचा फोन घेतला आणि नावं वर सरकवायला लागली. मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. बोट ‘श’वर आलं आणि एकाखाली एक दोन नावं दिसली.

शालन चार पोरांची.

शालन बिनपोराची.

आई नवीन नंबर

“तू लिहिलंयस हे?”

“मग? दोन शालना आहेत इथं मालीश करणाऱ्या. ओळखायचं कसं?”

“आडनाव लावायचं.”

“आडनावं कुणाला माहीत त्यांची? एकीला चार पोरं, एकीला नाही. सगळ्याच असं लिहितात. माळीणीच्या फोनात बघ, वरच्या आळीतल्या सुमनच्या फोनात बघ.”

“आणि हे सगळ्यांना दिसतं, आई. त्यांनी फोन केला की समोरच्याला हेच नाव दिसतं.”

आईला आधी कळलंच नाही. मी तिला बाहेर बसवून समजावलं. फोन घेतला तेव्हा दुकानदारानं सोबत चार-पाच गोष्टी भरून दिल्या होत्या, त्यात हे अॅपही होतं. त्यानं परवानगी मागितली, दुकानदारानं तिच्या वतीनं देऊन टाकली, आणि तिच्या फोनमधली सगळी नावं त्या कंपनीकडे गेली. माळीकाकूंच्या फोनमधली गेली, सुमनच्या गेली. कंपनीनं बघितलं, या नंबरला बहुतेक जणी काय म्हणतात? जे जास्त जणी म्हणतात ते नाव ठरलं. शालनमावशींकडे साधा फोन. ते अॅप त्यांनी कधी बघितलेलंसुद्धा नव्हतं.

आईनं फोन मांडीवर ठेवला. तिच्या तोंडावर राग होता, आणि मला वाटलं होतं तसा तो सासूबाईंवर किंवा माझ्यावर नव्हता.

“मी कधी तोंडानं म्हटलंय का गं तिला तसं?” ती म्हणाली. “तिच्यासमोर, तिच्यामागं? ते माझ्या फोनात होतं. माझ्या घरात मी कुणाला काय म्हणून ओळखते, ते चोरून नेऊन चावडीवर वाचायचं म्हणजे काय?”

मग ती नावं बदलत बसली. ‘डॉक्टर, स्वभाव बरा’ याचं नुसतं डॉक्टर केलं. गॅसवाल्याचा खरेपणा काढून टाकला. आपल्याच घरात चोर शिरून गेल्यावर बाई जशी सगळी कपाटं पुन्हा लावते, तसं चाललं होतं. पण गेलेलं गेलं होतं.

आणि एवढं सगळं करून, डोळे पुसून, तिनं शेवटी चार पोरांच्या शालनला फोन लावलाच. ती एका लग्नाला बाहेरगावी होती. बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून येते म्हणाली.

कंपनी, उचलू नये

विक्रांतला सांगितलं तर तो म्हणाला, “अॅप काढून टाक.” मी काढलं. मग लक्षात आलं की त्यानं माझ्या डोळ्यांपुढचं नाव गेलं, बाकी गावाच्या डोळ्यांपुढचं नाही. पुन्हा घातलं.

माळीकाकू शेजारून ताक घेऊन आल्या होत्या. त्यांना हे कळल्यावर त्यांनी आधी स्वतःचा नंबर शोधायला लावला. ‘माळीकाकू बोलत राहतात’ असं आलं. त्या बघत राहिल्या.

“कुणाचं काम हे?”

आई पदराशी चाळा करत होती. काकूंनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ताकाचं भांडं ठेवलं आणि एक शब्द न बोलता घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज आला नाही. गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी कंपनीला तक्रार लिहिली. या बाईंनी तुमचं काही घेतलेलं नाही, तुम्हाला काही दिलेलं नाही. त्यांचं दुःख त्यांच्या नावापुढं लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? उत्तर लगेच आलं, म्हणजे ते माणसानं लिहिलेलं नसणार. आपल्या सूचनेबद्दल आभार. दाखवलं जाणारं नाव बहुसंख्य वापरकर्त्यांनी जतन केलेल्या नावावरून ठरतं. आपणही योग्य नाव सुचवू शकता. खाली हसरा चेहरा.

मी ते आईला वाचून दाखवलं. सासूबाई शेजारी बसून पाळण्याला बांधायच्या फुलांची माळ ओवत होत्या. त्यांचा हात थांबला.

पाव्हणी

“बाळंतीण जागी हाय का?”

बारशाचा दिवस. फाटकाशी शालनमावशी उभ्या होत्या, घोट्याला हळदीचा लेप लावून वर फडकं बांधलेलं. आई दाराशी गेली आणि तिथंच अडकली. आत सासूबाई, बाहेर मावशी, मध्ये आई. ती काय म्हणणार होती मला माहीत नाही. बहुधा तिलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात बाळ रडलं आणि मावशी आईच्या बाजूनं लंगडत आत आल्या.

त्यांनी पाय लांब केले, दुखरा पाय जरा जपून. बाळाला घेतलं. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि त्याच्या मागे सासूबाई आहेत हे मला त्यांच्या बांगड्यांवरून कळत होतं.

मावशी पाणी ओतत म्हणाल्या, “काल नाव दिसलं न्हवं?”

मी पाण्याची बादली जरा पुढे सारली.

“म्हाईत हाय मला. म्हनून तर फोन करत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. विद्यानगरात एका बंगल्यात नवीन काम ठरलं होतं. पहिल्याच दिवशी गेल्या तर बेल बंद, म्हणून फाटकातून फोन लावला. बाळाची आजी वाजत असलेला फोन हातात घेऊनच खाली आली. फाटकाच्या अलीकडे मावशी, पलीकडे आजी, मध्ये त्या स्क्रीनचा उजेड. मावशींची चौथीपर्यंत शाळा झाली होती, त्यामुळे नाव वाचता आलं. उलटं होतं तरी वाचता आलं. ती बाई वाईट काहीच बोलली नाही. उद्यापास्नं नका येऊ, आमची गावाकडची बाई यायलीय, एवढंच म्हणाली. तेव्हापासून मावशी कुणाला फोन लावत नव्हत्या. दारात जायच्या, हाक मारायच्या.

“हाक मारली की मी दिसते,” त्या म्हणाल्या. “फोन केला की त्ये दिसतं.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“कुनाचा? मोबाईलचा?” त्यांनी बाळाच्या मानेखाली हात घालून तिला उताणं केलं. “ज्या ज्या घरात पोरं न्हाऊ घातली त्याच घरांनी लिवलं आसंल न्हवं? दुसऱ्या कुनाकडं माझा नंबर कशाला आसतोय. त्या वाईट न्हाईत गं. तुझी आई का वाईट हाय? सवयीनं लिवलंय. पन माझ्या सवयीचं न्हाई झालं अजून.”

मग त्या पाण्याशी काहीतरी बोलायला लागल्या, आणि बाळानं डोळे मिटले.

दारामागून आवाज आला, “टॉवेल कोरडा हवाय का?”

सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मावशींनी हात पुढे केला. दोघींची नजर भेटली की नाही, मला सांगता येणार नाही. वाफ होती मोरीत.

नवसवाल्या निकम

मावशी धुरीचे निखारे फुंकत होत्या तेव्हा सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

“त्यात कुणाचाही नंबर बघता येतो?”

“हो.”

“माझा बघ.”

मी म्हटलं, कशाला. त्या म्हणाल्या, बघ. मी नंबर टाकला. गोल फिरलं आणि नाव आलं. मी ते त्यांना दाखवायच्या आधी स्वतः वाचायला नको होतं, पण वाचलं. मग फोन त्यांच्याकडे दिला. मलाही पालथाच द्यावासा वाटला.

नवसवाल्या निकम.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. नाव तेच होतं.

“नवस फक्त माझ्या सासूबाईंना माहीत होता,” त्या म्हणाल्या. “आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितला होता. एकीलाच.”

मला वाटलं त्या रडतील. त्यांना हसू आलं. फार थोडं, नाकातल्या नाकात.

“पोस्टात एवढी वर्षं काढली. प्रमोशनं घेतली. युनियनमध्ये भांडले,” त्या म्हणाल्या. “आणि मी कोण? तर ही.”

त्यांनी फोन उशीवर ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघितलं. मावशी एका हातानं बाळाला धुरीवर धरून दुसऱ्या हातानं तिच्या नाकाशी येणारा धूर वारत होत्या.

“काल तुझ्या आईला मी जे बोलले, ते तू ऐकलंस ना?”

“हो.”

“ऐकलं नाहीस असं धर.”

रोहिणी

दुपारी बायका जमल्या. हॉलच्या कडीला पाळणा टांगलेला, त्याला सासूबाईंनी ओवलेली माळ. घुगऱ्यांचं पातेलं, पानसुपारी, कुणाकुणाची लहान पोरं पायात. माळीकाकूही आल्या, तोंड अजून थोडं फुगलेलं. आईनं त्यांना आधी बसायला दिलं, आधी चहा दिला आणि त्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटली. काकू म्हणाल्या, “बरं बरं, आता बोलू का?” आणि मग त्या बोलायला लागल्या.

शालनमावशी दाराजवळ, चपलांच्या कडेला बसल्या होत्या. लंगडत घरी जायचं होतं म्हणून असेल, किंवा नसेल.

पाळण्याच्या दोन्ही बाजूंना दोघी उभ्या राहतात, बाळाला पाळण्याखालून एकमेकींकडे देतात, पाळण्यावरून परत घेतात आणि मग आत ठेवतात. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला माझी आई, असं ठरलेलं. आईनं पदर खोचला.

“विहीणबाई, तुम्ही जरा थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “शालनताई, इकडे या.”

मावशी उठल्या नाहीत. त्यांना वाटलं पाणी वगैरे हवंय. “काय आणू?”

“आणू नका काही. इथं उभ्या राहा.”

“मी?”

“तुम्हीच. तिला तुमचा हात माहीत आहे. आमचा अजून नाही.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मावशींनी एकदा सगळ्या बायकांवरून नजर फिरवली, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला हात लावत पाळण्याशी आल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, म्हणत बाळ खालून गेलं, वरून आलं, पुन्हा खालून गेलं. मावशींचे हात माझ्या ओळखीचे होते. मोरीत ते कधी थरथरत नसत.

विक्रांतची चुलत बहीण आली होती, त्या आत्यानं कानात नाव सांगितलं. सई. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि सई पाव्हणी राहिली नाही.

घुगऱ्या वाटून झाल्यावर मी कंपनीचं उत्तर सगळ्यांना सांगितलं. बहुसंख्य वापरकर्त्यांनी जतन केलेलं नाव. म्हणजे आपणच. मावशींसमोर हे बोलावं की नाही याचा मी सकाळपासून विचार करत होते. शेवटी त्यांना वगळून त्यांच्याविषयी पुन्हा काही ठरवायला नको म्हणून त्यांच्यासमोरच बोलले. बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. एकेकीनं पर्समधून, कमरेतून फोन काढले, खाली मान घालून बोट ‘श’पर्यंत नेलं.

माळीकाकूंनी ती शांतता मोडली. “म्हणजे आज दोन नावं ठेवायची,” त्या म्हणाल्या. “एरवी आपण नुसतीच ठेवतो. आज नीट ठेवू. काय लिहू गं? शालन मालीश?”

“शालनमावशी लिहा की,” सुमन म्हणाली.

“शालन हातगुणाची.”

“त्यांना विचारा,” सासूबाई म्हणाल्या. “बारसं त्यांचं आहे.”

मावशींच्या मांडीवर सई होती. त्या तिच्या कानामागचं तेल बोटानं पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

“रोहिणी लिवा,” त्या म्हणाल्या.

“तुझं माहेरचं का गं?” आईनं विचारलं.

“लिवा तर.”

“रोहिणी काय? पुढं काय लावू?”

“काय नगं. नुसतं रोहिणी.”

आम्ही सगळ्यांनी लिहिलं. सासूबाईंकडे त्यांचा नंबर नव्हता, त्यांनी तो विचारून घेतला आणि पोस्टातल्या माणसाच्या सवयीनं पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून ताडून बघितला. मग माळीकाकू उठल्या, वाकल्या आणि मावशींच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी “कुर्रर्र” केलं. अख्खा हॉल हसला. कुणीतरी काकूंच्या पाठीत धपाटाही घातला.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सईला माझ्याकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून हाक आली, आणि माझं माहेरपण संपेपर्यंत येत राहिली. चार पोरांच्या शालनला आईनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

कोण दिसतंय

नाव लगेच बदललं नाही. आई मात्र चिवट निघाली. बारशाला न आलेल्यांना तिनं फोन केले, बाजारात भेटलेल्यांच्या हातातून फोन घेऊन स्वतः नाव बदललं. माळीकाकू बोलत राहिल्या आणि या कामी त्याचा उपयोग झाला. मी नाशिकला परत गेले, नोकरीवर रुजू झाले. एका दुपारी जेवताना फोन वाजला.

मावशींचा नंबर मी जपलेला होता, त्यामुळे माझ्या फोनवर तेच नाव येणार होतं. शेजारी बसलेल्या सहकारी मुलीकडे नव्हता. म्हणून मी फोन न उचलता आधी तो नंबर तिच्या फोनमधल्या त्या अॅपमध्ये टाकला. तिथंही तेच आलं. मग मी मावशींना फोन लावला.

“कोण दिसतंय?” त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

“रोहिणी.”



“बरं,” त्या म्हणाल्या. “पाव्हणी काय करती?”

“आता सई आहे ती, मावशी.”

“व्हय की. घरची झाली.”

त्यानंतर त्या फोन करू लागल्या. काही काम नसायचं. कधी बाजारातून, कधी एसटी स्टँडवरून, कधी कुणाच्या तरी बाळाचं न्हाणं उरकून. आधी विचारायच्या, कोण दिसतंय? मी नाव सांगायचे. मग त्या बरं म्हणायच्या आणि सईचं विचारायच्या. मला वाटायचं, त्या खात्री करून घेतात.

रोहिणी भाऊ

सई शाळेत जायला लागली होती. स्क्रीनवर रोहिणी आलं आणि मी सवयीनं आधीच नाव सांगितलं. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

“तुमच्या शालनमावशीचा भाऊ बोलतोय, मसूरवरनं.”

मावशी गेल्या होत्या. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या. भाऊ म्हणाले, तिच्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वेळा लावलेला नंबर तुमचा, म्हणून कळवतोय. मी काय बोलले मला आठवत नाही. बाळंतपणातलं काहीतरी सांगितलं असेन, बारशाचं सांगितलं. मग मी म्हणाले की फोन वाजला तेव्हा वाटलं त्याच आहेत, रोहिणी असं नाव आलं ना.

“कुठलं नाव?”

“रोहिणी. त्यांचं माहेरचं.”

“माहेरचं नाव गुणा,” ते म्हणाले. “गुणाअक्का म्हनायचो आम्ही.” मग म्हणाले, “रोहिणी तुमाला कुनी सांगितलं?”

“त्यांनीच लिहायला लावलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या फोनमध्ये तेच आहे.”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

मी फोन कानावरून काढून बघितला. चालू होता. नाव दिसत होतं.

“म्हंजे लिवलं गेलं कुटंतरी,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढे कळलं ते एवढंच: शालनमावशींना पहिल्या बाळंतपणाला, मसूरला, मुलगी झाली होती. ती बारशाच्या आधी गेली; नाव ठरलेलं होतं, ठेवायचं राहिलं.